स्केटच्या लेसला पीळ पडू नये म्हणून: आमचा एक हिवाळा

आमच्या लेकीच्या बर्फावरच्या हॉकीच्या गटाला शनिवारी सकाळी सव्वासातची वेळ होती. कॅनडातल्या कॅलगरीत जानेवारीत त्या वेळी बाहेर अंधार असतो आणि पारा उणे वीसच्या आसपास. आम्ही साडेसहाला ड्रेसिंग रूममध्ये पोचायचो. हेल्मेट, मानेचा पट्टा, कोपरांची आणि नडग्यांची पॅडं, हे सगळं दहा मिनिटांत चढायचं. नोंदणीलाही काही अडलं नाही, सामान घेतानाही नाही. अडलं ते फक्त एका जागी: डाव्या स्केटच्या, म्हणजे पातं लावलेल्या बुटाच्या, लेसच्या वरून चौथ्या ओळीत. त्या दोन बोटं जागेनं माझा अर्धा हिवाळा खाल्ला. मला जे कुणी वेळेवर सांगितलं नाही ते सगळं लिहून ठेवते आहे.

ज्यांनी हे स्केट बांधलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. लेस चपटी असते, साधारण बोटाच्या अर्ध्या रुंदीची पट्टीच. तिच्यावर बऱ्याचदा मेणाचा हात दिलेला असतो, म्हणजे घट्ट ओढल्यावर ती घसरत नाही. पट्टी सपाट बसली की दाब पसरतो. तिला पीळ पडला की तिची सुतळी होते आणि सगळा दाब एका रेघेवर येतो. घोट्याच्या पुढे, पाय जिथे वाकतो तिथे, बोटं वर उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) अगदी कातडीलगत असतात. स्केटिंग करताना गुडघा सतत पुढे वाकलेला, त्यामुळे बुटाची जीभ नेमकी त्याच जागी दाबली जाते. तिथे पिळलेली लेस असेल तर मूल दहा मिनिटांत रडायला लागतं. हॉकीवाले या दुखण्याला 'लेस बाइट' म्हणतात आणि मोठ्या खेळाडूंनाही ते होतं.

आमची लेक सहा वर्षांची. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती बर्फावरून कडेला आली आणि म्हणाली, "आई, इथे टोचतंय." घरी मोजा काढला तर घोट्यापुढे आडवी लाल रेघ. पुढच्या शनिवारी परत तीच. नवरा म्हणाला, "अगं, फार आवळतेस, सैल बांध." सैल बांधली तर तिचे घोटे आत कलायला लागले आणि ती उभीच राहीना. प्रशिक्षक म्हणाले, अजून घट्ट हवी. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. घट्ट हवीच होती. फक्त ती सपाट घट्ट हवी होती, आणि तेच मला जमत नव्हतं.

मी त्या दुकानात दोनदा जाऊन आले, जिथून स्केट घेतले होते. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही. तिथल्या लेसच्या एका बाजूला अक्षरं छापलेली होती, दुसरी बाजू कोरी. काउंटरवरच्या माणसानं मला अगदी ठामपणे सांगितलं: प्रत्येक ओळीत अक्षरं वर दिसली पाहिजेत, अक्षरं वर म्हणजे लेस सपाट. ऐकायला किती पटण्यासारखं आहे! त्यानं माझ्यासमोर लेस घालून दिली, सगळी अक्षरं वर, काचेच्या कपाटातल्या स्केटसारखी देखणी. मी तसाच फोटो काढून ठेवला आणि दर शुक्रवारी रात्री त्या फोटोबरहुकूम लेस घालत राहिले.

शुक्रवारी रात्री ती सपाट दिसायची. शनिवारी सकाळी लेक बाकावर बसायची, मी तिच्यासमोर रबरी फरशीवर गुडघे टेकून बसायचे, खालून एकेक ओळ ओढत वर यायचे, आणि वरून चौथ्या ओळीला येईपर्यंत मध्यभागी, बरोबर जिभेवर, लेसची सुतळी झालेली असायची. बोटानं उलगडली की पुढच्या ओळीत पीळ. तो उलगडला की परत मागच्या ओळीत. सात वाजून दहा मिनिटं झालेली, बाकीची मुलं एकेक करून दाराकडे निघालेली, बर्फ सारखा करणारं यंत्र बाहेर निघून गेलेलं, आणि माझ्या बोटांना मेणाच्या लेसनं चिरा पडलेल्या. एका शनिवारी तर मी पीळ तसाच ठेवून सुरगाठ मारली आणि तिला पाठवलं. त्या दिवशी ती अर्ध्या वेळात परत आली. ते मला अजून लागतं.

या काळात मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. बिनमेणाची लेस आणून तिला इस्त्री केली. कोरडी असेपर्यंत छान राहिली, बर्फाचं पाणी लागलं की मऊ पडून कडा आत वळल्या. लेस ओढायचा लोखंडी आकडा आणला. त्यानं बोटं वाचतात, पण ओढताना मनगट फिरतं आणि लेसही त्याच्याबरोबर फिरते. आकडा वापरायचाच असेल तर सरळ स्वतःकडे ओढा, फिरवू नका. मी ओढायच्या आधी प्रत्येक भोकाशी लेस चिमटीत धरून बसायचे, त्यानंही काही झालं नाही.

उलगडा झाला तो एका मंगळवारी रात्री, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. लेस नुकतीच घातलेली होती, सगळी अक्षरं वर. मी बुटाची कातडी कड बोटानं उचलून आतून पाहिलं. प्रत्येक भोकाच्या मागे अर्धा पीळ होता. प्रत्येक! नऊ जोड्यांपैकी एकही भोक सुटलं नव्हतं. वरून सपाट दिसणारी लेस आत कातड्याखाली वळून, मुरडून बसलेली होती. सकाळी मी ओढायचे तेव्हा तो लपलेला अर्धा पीळ कातड्याखालून सरकून मध्ये जिभेवर यायचा. म्हणजे पीळ सकाळी पडतच नव्हता. तो मी रात्री स्वतःच्या हातानं घालून ठेवत होते, त्या माणसाच्या सांगण्यावरून.

तेव्हा मला मिरजेच्या घरातला नवारीचा पलंग आठवला. उन्हाळ्यात आजोबा त्याची नवार सोडून परत ताणून बांधायचे आणि आम्ही मुलं गुंडाळी धरून उभी असायचो. नवार पलंगाच्या गात्यावरून खाली गेली की तिची वरची बाजू खाली तोंड करते. पट्टी कशाभोवतीही वळून माघारी आली की पाठीचं पोट होतं. आजोबा ते होऊ द्यायचे. आम्ही चुकून पट्टी हातात उलटी केली की म्हणायचे, "फिरवू नको, जाते तशी जाऊ दे."

लेसचंही तेच आहे. ती भोकातून आत शिरते, वळते आणि पलीकडे निघते. या वळणात तिची बाजू बदलणारच. एका ओळीत अक्षरं वर असतील तर पुढच्या ओळीत कोरी बाजू वर यायला हवी, त्याच्या पुढे परत अक्षरं. सगळ्या ओळींत अक्षरंच वर ठेवायची म्हटलं तर प्रत्येक भोकाशी लेस अर्धी पिळावी लागते, दुसरा मार्गच नाही. खात्री करायची असेल तर वर्तमानपत्राची लांब पट्टी कापा, एका बाजूला रंग द्या आणि पेन्सिलीभोवती वळवून माघारी आणा. मी तेच केलं, रात्री अकरा वाजता. नंतर दोन्ही स्केट पूर्ण सोडून परत घातले: एक ओळ अक्षरं, एक ओळ कोरी. दिसायला पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं, कपाटातल्यासारखं देखणं नाही. पण कड उचलून पाहिलं तर आत लेस कातड्याला चिकटून सपाट होती. मला त्या रात्री जो आनंद झाला तो माझा मलाच माहीत.

तुमची लेस दोन्हीकडून सारखी असेल तर पक्क्या शाईच्या पेननं एका बाजूला टोकापासून टोकापर्यंत रेघ ओढा. एक ओळ रेघेची, एक बिनरेघेची. दोन सारख्या ओळी लागोपाठ दिसल्या की त्यांच्यामध्ये अर्धा पीळ आहे असं समजा आणि तेवढंच सोडा.

शनिवारी लाल रेघ उमटली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र वरच्या बाजूला थोडा पीळ परत दिसला. पीळ असलेली पट्टी अरुंद भोकातून ओढली की पीळ भोकातून पुढे जात नाही, अलीकडेच साठत राहतो. वरच्या सगळ्या ओळी आधीच ओवलेल्या असतील तर त्याला बाहेर पडायला वाटच नसते. म्हणून मी आता पाय घालायच्या आधी वरच्या चार जोड्या पूर्ण मोकळ्या करते. नाहीतरी लहान पाय आत जायला बूट उघडावाच लागतो. मग खालच्या ओळी ओढून झाल्या की मोकळी लेस अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून भोकापासून टोकापर्यंत एकदा निपटते आणि टोक हवेत सोडून देते. टोक गरगर फिरतं आणि थांबतं. पीळ टोकावाटेच बाहेर जातो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. लेस टोकापर्यंत निपटली की जातो. मग वरच्या चार ओळी ओवायच्या, परत एक अक्षरांची, एक कोरी.

सोडताना घाई करू नका, हेही आधीच लिहायला हवं होतं. खेळ संपल्यावर मुलं सुरगाठीच्या फुलाचं एक टोक खेचतात, कधी निरगाठ बसते, मग लेस हिसडून बूट काढतात. निम्मा पीळ तिथे पडतो. सुरगाठ हलकेच सोडा, वरून खाली एकेक ओळ दोन्ही बाजूंनी सैल करा, मग पाय काढा. पाती पुसून कोरडी करायचीच असतात, तेव्हा लेसवरूनही फडकं फिरवून ती सपाट ठेवायची. स्केट गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवू नका. थंडीत मेण कडक होतं आणि लेस जशी वाकली असेल तशीच ताठ राहते.

लांबीचं तर सांगायचं राहूनच गेलं. त्याच दुकानानं मला ९६ इंचांची लेस दिली होती, सगळ्यांना चालते म्हणून. आमच्या लेकीच्या स्केटला ७२ इंच पुरते. उरलेली लांब लेस लोक घोट्याभोवती गुंडाळतात, मीही एकदा गुंडाळली. ते करू नये. पाय पुढे वाकायला अडतो आणि तिथेच टोचायला लागतं. योग्य लांबीची घ्या. जादा राहिलीच तर गाठ मारून उरलेली दोन्ही टोकं लेसच्या ओळींखाली खोचा.

सगळ्या ओळी सारख्याच आवळायच्या नसतात, हे मला डिसेंबरात कळलं. बोटांजवळच्या ओळी सैलसर, बोटं आत हलली पाहिजेत. घोट्याच्या वळणाशी सगळ्यात घट्ट. सर्वांत वरची ओळ बेताची, नाहीतर गुडघा वाकत नाही. घोट्याशी ओढलेलं सुटू नये म्हणून दोन्ही लेस एकमेकींभोवती एक वेढा जास्त देतात. तो चालतो, कारण त्यात लेस स्वतःभोवती पिळली जात नाही. फक्त तो जिभेच्या मधोमध, कडक भागावर आला पाहिजे. जीभ आधी सरळ करून घ्या, ती तिरकी असेल तर बाकीचं सगळं व्यर्थ. आणि पात्यावर प्लास्टिकचं आवरण चढवल्याशिवाय स्केट मांडीवर घेऊ नका.

मार्चपर्यंत दोन्ही पाय सात मिनिटांत व्हायला लागले. लेक स्वतः ओळींवर बोट ठेवून म्हणायची, "अक्षरं, कोरी, अक्षरं, कोरी," आणि चुकलं की मला थांबवायची. तिच्या शेजारच्या मुलाची आई एकदा वाकून बघत होती, तिलाही मी कड उचलून आतला पीळ दाखवला. तिनं तिथेच बसून त्याचे दोन्ही स्केट सोडले.

एक शेवटचं, कारण परवाच घडलं. लेस तुटते ती बहुतेक भोकाशीच. तिथली धातूची कडी झिजून धारदार झाली असेल तर नवी लेसही महिनाभरात कातरते, आणि लेसची कड विसकटली की ती भोकात गोळा होऊन वळायला लागते. सगळ्या कड्यांवरून बोट फिरवून बघा. टोचणारी कडी दुरुस्तीच्या दुकानात बदलून मिळते. आणि रेघ ओढलेली, ७२ इंचांची एक जोडी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, घडी न घालता, हातावर सैल गुंडाळून.