अकरावी नोट

'तुमची जाहिरात आमच्या धोरणात बसत नसल्यामुळे काढून टाकण्यात आली आहे. कारण : सरकारी ओळखपत्रे, परवाने व अधिकारचिन्हे.'

अधिकारचिन्ह म्हणजे काय, तर माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या सायकलचा बिल्ला! पितळेचा, वर तार ओवायला भोक, मधे नंबर आणि खाली सन 1964-65. तेव्हा सायकलवर नगरपालिकेचा कर असायचा. तो भरला की बिल्ला मिळायचा आणि तो हँडलला अडकवायचा. दरवर्षी आकार बदलायचा, म्हणजे हा गडी गेल्या वर्षीचाच मिरवतोय हे लांबूनच कळावं. बिल्ला नसला तर तपासनीस व्हॉल्व्ह काढून घ्यायचा आणि सायकल हातात धरून घरी यावं लागायचं, असं अण्णा सांगायचे. आता हा बिल्ला विकत घेऊन कोण कोणाला फसवणार? साठ वर्षांपूर्वीचा सायकलकर बुडवणार?

"आत्या, ते माणूस नाही वाचत. मशीन वाचतं," भाचा म्हणाला. जुन्या वस्तू विकायच्या साइटवर जाहिरात त्यानेच टाकली होती. मथळ्यात 'नगरपालिका' आणि 'लायसन्स' असे दोन्ही शब्द होते, तेवढं पुरलं.

अण्णा पोस्टात होते. ते गेल्यावर कपाटाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात बिल्ले सात, घरच्या रेडिओचं लायसन्सचं पुस्तक (रेडिओ ऐकायला सरकारचा परवाना लागायचा आणि त्याचं वार्षिक शुल्क पोस्टात भरायचं, हे भाच्याला अजून खरं वाटत नाही), भोकाचे पैसे, एक कोरा स्टॅम्पपेपर आणि एक खाकी पाकीट. पाकिटाकडे नंतर येते.

रेडिओच्या पुस्तकाची जाहिरातही उडाली. तिथे मात्र मला मशीनचं थोडं पटलं, कारण पहिल्याच पानावर अण्णांचं नाव, पत्ता आणि सही आहे. कोरा स्टॅम्पपेपर तर मी जाहिरातीत टाकूच दिला नाही. भाच्याला वाटलं, जुना आहे, छान दिसतो, फ्रेम करायला कोणीतरी घेईल. त्याला तेलगी प्रकरण माहीत नाही. ते बनावट मुद्रांकांचं होतं, पण जुना, खरा, कोरा कागदही कमी नसतो. मागची तारीख घालून जमिनीचा व्यवहार रंगवायला असाच कागद हवा असतो. लाल पेनने दोन आडव्या रेघा मारल्या, 'रद्द' लिहिलं आणि परत डब्यात टाकला. चौतीस वर्षं बँकेत, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. सवय जात नाही.

आता पाकीट. आत अकरा नोटा. पाचशेच्या सात, हजाराच्या चार. सगळ्या नोटाबंदीत बाद झालेल्या.

2016 च्या नोव्हेंबरात मी काउंटरवर होते. 8 तारखेला रात्री टीव्हीवर ऐकलं, 9 ला बँका बंद, 10 ला शटर वर जायच्या आधी रांग कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत गेलेली. आधी माणशी 4,000 बदलून द्यायचे, मग 4,500, मग एकदम 2,000 वर आणलं. मधेच बोटाला शाई आली. 24 नंतर बदलून देणंच बंद, फक्त खात्यात भरा. रोज घरी येऊन अण्णांना विचारत होते, तुमच्याकडे काही आहेत का? "माझ्याकडे कुठल्या?" म्हणायचे आणि पेपर वर धरायचे.

दहा नोटांना बटर पेपरच्या पट्ट्या लावलेल्या, पट्टीवर पेन्सिलीने नोटेवर सही असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचं नाव. हजाराच्या चारी नोटांवर चार वेगळ्या सह्या : जालान, रेड्डी, सुब्बाराव, राजन. हजाराची ती नोट 2000 साली आली आणि 2016 ला गेली, तेवढ्यात हे चौघेच झाले. म्हणजे संच पुरा. पाचशेत रंगराजनांपासून सुरुवात, आणि एकाच सहीच्या दोन नोटा असल्या तर नंबराच्या चौकटीतलं बारीक अक्षर वेगळं. ते अक्षर मी हजारो वेळा बोटाखालून घालवलं असेल, कधी पाहिलं नव्हतं.

अकराव्या नोटेला पट्टी नाही. पाचशेची, चार घड्या पडलेली, मऊ. ती संग्रहातली नव्हेच. सदऱ्याच्या खिशात राहून गेली असणार आणि उशिरा सापडल्यावर मुलीला सांगायची चोरी, म्हणून पाकिटात गेली.

भाच्याने त्यांचाही फोटो काढायला मोबाइल उचलला तेव्हा मी त्याचा हात धरला. 2017 चा कायदा काय म्हणतो ते मला नोकरीमुळे पाठ आहे. या बाद नोटा जवळ बाळगायच्या तर एकूण 10. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी असतील तर 25. त्यापुढे गेलात तर दंड : दहा हजारांपर्यंत किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, जे जास्त असेल ते. आमच्या नोटा होतात साडेसात हजारांच्या. पाचपट म्हणजे 37,500.

पण खरी गंमत पुढेच आहे. सूट फक्त बाळगण्याला आहे. कोणाला देणं आणि कोणाकडून घेणं, दोन्हीला बंदीच. म्हणजे नाणेसंग्राहकाने 25 नोटा खुशाल ठेवाव्यात, पण एखादी सही कमी पडत असली तर ती विकत घेऊ नये, आणि दोन झाल्या तर एक दुसऱ्याला देऊ नये. आणि अण्णांच्या नोटा माझ्याकडे आल्या, हे 'घेणं' झालं का? वकिलाला विचारायचं मनात आलं होतं. त्याची फी साडेसात हजारांच्या वर गेली तर काय, म्हणून राहिलं.

तर असा कायदा असताना त्या साइटवर काय दिसावं? आमचा बिल्ला काढला त्याच संध्याकाळी मी तासभर बघत बसले. '786 नंबरची नोट, 3 लाख.' 'वैष्णोदेवीचं नाणं, 10 लाख, लगेच संपर्क करा.' गेंड्याचे 25 पैसे, दीड लाख. हे स्टीलचे पंचवीस पैसे 30 जून 2011 ला चलनातून गेले आणि आमच्या शाखेत लोक पिशव्या भरभरून आणून देत होते. त्यांना दीड लाख! मथळ्यात 'लायसन्स' शब्द नाही, म्हणून सगळे सुखरूप.

आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंनी अशा जाहिरातीला फोन केला होता. समोरचा नोट विकत घ्यायला तयार, फक्त आधी नोंदणीचे 2,100 भरा. मग जीएसटी. मग रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं 'ना हरकत' पत्र व्हॉट्सअॅपवर आलं आणि त्याचेही पैसे. रिझर्व्ह बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलंय की आम्ही असल्या व्यवहारांत नाही आणि त्यासाठी कुठलंही शुल्क मागत नाही. काकू ते पत्र माझ्याकडे घेऊन आल्या, पण पैसे भरून झाल्यावर. "तू बँकेतली ना, म्हणून विचारते, शिक्का खरा आहे ना गं?" काय सांगणार. चहा केला.

भाच्याने बिल्ल्याची जाहिरात तिसऱ्यांदा टाकली. मथळा : 'जुनी पितळी चकती, नंबर कोरलेला.' ती राहिली. चार दिवसांनी सांगलीहून एका गृहस्थांचा फोन आला. आवाज वयस्कर, आकार विचारला, साल विचारलं, भोक वर आहे की बाजूला ते विचारलं. सातही बिल्ले घेतो म्हणाले. भावावर घासाघीस नाही.

"ताई, वडिलांचा संग्रह दिसतोय," ते म्हणाले. "आणखी काय काय आहे? नोटा वगैरे?"

डबा समोरच उघडा होता.

"नाही हो," मी म्हटलं. "बाकी काही नाही."