पावडर घातली की थेंब बारीक होतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. कंपाउंडिंगमधल्या (प्लास्टिक वितळवून त्यात इतर पदार्थ मिसळणाऱ्या) मंडळींकडून हा प्रश्न मला हमखास येतो: पॉलिप्रॉपिलीनमध्ये नायलॉन मिसळतोय, नायलॉनचे थेंब मोठे राहतात, थोडी सिलिकाची पावडर घातली तर बारीक होतील का? होतील, किंवा आणखी मोठे होतील. पावडर किती घातली याआधी ती जाऊन कुठे बसली, हे विचारायला हवं.

एक्स्ट्रूडरमधला (प्लास्टिक वितळवून स्क्रूने घुसळणाऱ्या यंत्रातला) प्रवाह थेंबांना ताणून तोडतो आणि एकमेकांवर आणून जोडतोही. तोडण्याचं गणित केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी 1932 आणि 1934 च्या निबंधांत मांडलं. भोवतालच्या द्रवाची ओढ थेंबाला लांबवते, दोन द्रवांच्या सीमेवरचा ताण त्याला गोल ठेवू पाहतो. जो जिंकेल त्यावर थेंबाचं भवितव्य. त्यात एक मोठी अडचण आहे. नुसत्या शिअरमध्ये, म्हणजे थर एकमेकांवरून घसरतात अशा प्रवाहात, थेंबाची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) बाहेरच्या मेल्टच्या (वितळलेल्या प्लास्टिकच्या) साधारण चौपटीच्या वर गेली, की वेग कितीही वाढवा, थेंब फुटत नाही. तो स्वतःभोवती फिरत राहतो.

आता प्रक्रिया न केलेली साधी सिलिका घ्या. तिचं नायलॉनशी जमतं, पॉलिप्रॉपिलीनशी नाही. संधी मिळाली की ती थेंबात शिरते, थेंब आतून घट्ट होतो आणि फुटणं अवघड होतं. तीच पावडर बाहेरच्या मेल्टमध्ये राहिली, तर बाहेरची ओढ वाढते आणि थेंब बारीक होतात.

तिसरी जागा म्हणजे दोघांमधली सीमा. मला सगळ्यात जास्त रस इथेच आहे. 20 नॅनोमीटर व्यासाचा कण घ्या, सीमेवरचा ताण 3 मिलिन्यूटन प्रति मीटर धरा आणि दोन्ही पॉलिमर त्याला सारखेच भिजवतात असं माना. त्याला सीमेवरून उपटायला लागणारी ऊर्जा उष्णतेमुळे कणाला बसणाऱ्या हेलकाव्यांच्या ऊर्जेपेक्षा शंभरपटीहून जास्त भरते. एकदा बसला की तो आपणहून उठत नाही. असे कण दाटीने बसले की थेंब जवळ येतात, पण एक होत नाहीत. थर फारच दाट असेल, तर ताणलेला थेंब प्रवाह थांबल्यावरही पूर्ण गोल होत नाही.

थर विरळ राहिला तर मात्र एकच कण दोन थेंबांच्या सीमांवर एकाच वेळी बसू शकतो. पिट्सबर्ग विद्यापीठातले सचिन वेलणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिआयसोब्युटिलीन आणि पीडीएमएस (एक सिलिकोन पॉलिमर) यांच्या मिश्रणांत कणांनी बांधलेले असे पूल आणि त्यांनी जोडलेले थेंबांचे घोस दाखवले आहेत. कणाला बाहेरचा द्रव जास्त भिजवत असेल तर पूल टिकतो. थेंबाचा द्रव जास्त भिजवत असेल तर मधला पातळ पापुद्रा फाटतो आणि दोन थेंबांचा एक होतो. थेंब जुळू नयेत म्हणून घातलेली पावडर त्यांना जुळवून मोकळी होते! म्हणूनच पोत्यावरचा नुसता ‘सिलिका’ हा शब्द मला पुरत नाही. पृष्ठभागावर कोणती प्रक्रिया केली आहे, ते मी आधी विचारतो. कॅल्शियम कार्बोनेटवर स्टिअरिक ॲसिडचा लेप आहे की नाही, यानेही ते कुठे राहील ते बदलतं.

पण आवडती जागा असली तरी तिथे पोचायला वेळ हवा. 200 अंश सेल्सिअसला 1000 पास्कल-सेकंद व्हिस्कॉसिटीच्या मेल्टमध्ये 100 नॅनोमीटरच्या कणाला आपणहून एक मायक्रॉन सरकायला कित्येक तास लागतात. एक्स्ट्रूडरमध्ये माल थांबतो मिनिट-दोन मिनिटं. कणाला सीमेपर्यंत नेतो तो प्रवाहच. त्यामुळे पावडर आधी कशात मळली, हे फार निर्णायक ठरतं. नायलॉनमध्ये मळलेली सिलिका बहुधा तिथेच राहते. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मळून मग नायलॉन आणलात, तर ती नायलॉनकडे निघते आणि वाटेत सीमेवर सापडण्याची शक्यता बरीच वाढते. कृती तीच, टक्के तेच, फक्त हॉपर (यंत्राचं सुरुवातीचं तोंड) आणि साइड फीडर (पुढे बाजूने माल घालायची जागा) यांतला क्रम बदलला, तरी वेगळा माल हाती येतो.

तपासताना एक्स्ट्रूडरमधून निघालेल्या दाण्यांवर थांबू नका. ट्विन स्क्रू (दोन स्क्रूंच्या) एक्स्ट्रूडरच्या जोरदार घुसळणीत पावडरीशिवायही थेंब बारीक दिसतात. मोल्डिंग मशीनच्या बॅरलमध्ये माल पुन्हा वितळून संथ पडला की ते जुळू लागतात, आणि सीमेवरचे कण कामाला येतात ते तिथे. म्हणून तयार वस्तूचा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोडा आणि पावडर घातलेला आणि न घातलेला, असे दोन्ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहा.