गॅलियमचा ठिपका

अकरावीच्या बॅचला त्या दिवशी गण १३चा, म्हणजे आवर्तसारणीतल्या तेराव्या उभ्या स्तंभाचा आलेख काढायला दिला होता. आडव्या अक्षावर अणुअंक, उभ्या अक्षावर अणुत्रिज्या, १ सेंटिमीटरला २० पिकोमीटर. आकडे पाचच: बोरॉन ८८, ॲल्युमिनियम १४३, गॅलियम १३५, इंडियम १६७, थॅलियम १७०.

तपासताना एका ग्राफपेपरवर गॅलियमपाशी कागद खरवडलेला दिसला. १३५वरचा ठिपका खोडून १५५वर नेला होता, त्यामुळे रेघ छान चढत गेली होती. तो कागद जिचा होता त्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “सर, गणात खाली जाताना त्रिज्या वाढते ना? मला वाटलं आकडा चुकीचा छापलाय.”

नियम पाठ होता, त्यामागची आकडेमोड कधी केलेली नव्हती. ती फळ्यावर घेतली. स्लेटरच्या नियमाने, सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनपासून केंद्रकाची ओढ अडवताना त्याच कवचातला प्रत्येक सोबती ०.३५ धरायचा, लगतच्या आतल्या कवचातला ०.८५ आणि त्याहून आतला पूर्ण १. ॲल्युमिनियममध्ये सोबती २, लगतचे ८, आतले २. म्हणजे ०.७० + ६.८० + २ = ९.५०, १३मधून वजा केले की उरतात ३.५०. गॅलियममध्ये सोबती २, लगतचे १८, आतले १०. म्हणजे ०.७० + १५.३० + १० = २६; ३१मधून वजा केले की उरतात ५.

बहुतेक वह्यांत उत्तर १३.५ आलं. ३d मधले, म्हणजे तिसऱ्या कवचाच्या d उपकवचातले दहा इलेक्ट्रॉन मोजायचेच राहून गेले होते, लगतच्या कवचात १८च्या जागी ८ धरले होते. आणि कळीचे तेच दहा आहेत. ॲल्युमिनियमपासून गॅलियमपर्यंत प्रोटॉन १८ वाढतात, अडवणूक मात्र १६.५नेच वाढते, कारण d इलेक्ट्रॉन विरळ पसरलेले असतात आणि केंद्रकाला नीट झाकत नाहीत. कवच एकाने वाढलं तरी ओढ ते आत खेचून धरते.

मात्र त्या १३५लाही फार घट्ट धरून बसू नये. घन गॅलियममध्ये प्रत्येक अणूचा एक शेजारी २४४ पिकोमीटरवर, बाकीचे सहा २७० ते २७९वर असतात. कोणतं अंतर निम्मं करायचं यावर त्रिज्या ठरते. सहसंयुज त्रिज्या, म्हणजे सहसंयुज बंधाने जोडलेल्या दोन अणूंमधलं निम्मं अंतर, पाहिली तर ॲल्युमिनियम १२१, गॅलियम १२२. म्हणून ‘त्रिज्या घटते’पेक्षा ‘वाढ थांबते’ हे वाक्य मला जास्त खरं वाटतं. पहिली आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, हीही तेच सांगते: ॲल्युमिनियम ५७७, गॅलियम ५७९ किलोज्यूल प्रति मोल. एरवी गणात खाली जाताना ती उतरायला हवी.

तिने ठिपका परत १३५वर आणला. मग पेन्सिल इंडियम आणि थॅलियमच्या मध्ये ठेवून विचारलं, “इथे तीनच का वाढले, सर? इथेही d का?”

d आहेतच, शिवाय ४f मधले, म्हणजे चौथ्या कवचाच्या f उपकवचातले चौदाही आहेत. ते d पेक्षाही कमी झाकतात. गण ४मध्येही तेच दिसतं: झिर्कोनियम १६०, त्याच्या खालचं हाफ्नियम १५९. हे दोन ठिपके तिने त्याच कागदाच्या कोपऱ्यात टाकले.