शेवटच्या तासातलं डीजी (विमानातल्या धोकादायक मालाचं) लोडिंग

आजच्या रात्रपाळीतही गोंधळ पेटी चढवताना झाला नाही, झाला तो पॅलेटची (माल बांधलेल्या सपाट तळाची) जागा बदलल्यावर. वजनाचा तोल साधायला लोडमास्टर दोन पॅलेट अदलाबदल करतो, पण कॅप्टनच्या हातातल्या नोटॉकवर (धोकादायक माल कुठे आहे ते सांगणाऱ्या कागदावर) जुनीच पोझिशन राहते. आग लागली तर तो चुकीच्या जागी शोधणार. जागा बदलली की नोटॉक नवा, मग उशीर झाला तरी चालेल.

सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या (यूएन ३४८०) फक्त मालवाहू विमानातून, चार्ज ३० टक्क्यांपर्यंतच. पेंट, थिनर असा क्लास ३ चा (ज्वलनशील द्रवांचा) माल त्यांना खेटून नको. बहुतेक मालवाहू विमानांच्या मेन डेकवर (मुख्य मजल्यावर) हॅलॉन, म्हणजे आग विझवणारा वायू, नसतोच. हवेचा दाब कमी करून आग दाबायची, आणि तापलेल्या सेलला त्याची फारशी फिकीर नसते. २०१० मध्ये दुबईजवळ कोसळलेल्या यूपीएसच्या ७४७ मध्ये दोन्ही वैमानिक गेले. त्यातही बॅटऱ्या होत्या.

ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) जिवंत प्राण्यांपासून लांब. पेटीचा कोपरा ओला दिसला, की ती खालीच ठेवायची. पुसून चढवणारे महाभाग असतात! धोकादायक मालाचा लाल तिरप्या पट्ट्यांचा टॅग पॅलेटवर जाळी ओढण्याआधी नाही, नंतर लावा. आत दबला तर रॅम्पवर (विमान उभं असतं तिथे) कुणाला दिसणार?