तारा लुकलुकतो की धडधडतो?

आकाशदर्शनाच्या रात्री व्याध क्षितिजावर रंग बदलत चमकायला लागला की कुणीतरी हमखास विचारतं, "लुकलुकतात तर सगळेच तारे. मग एखादा खरोखर धडधडतोय हे कळतं कसं?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

लुकलुक आपल्या हवेची. तिला ताल नसतो. धडधड म्हणजे तारा स्वतःच आकसतो आणि फुगतो; तिला ताल असतो.

वासुकी तारकासमूहात ईसी १४०२६-२६४७ नावाचा तारा आहे. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहूनही हजारो पट अंधुक. दक्षिण आफ्रिकेत सदरलँडच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ डेव्ह किल्केनी आणि सहकाऱ्यांनी त्याचा प्रकाश सलग मोजला. तारा मावळतीकडे कलला की मधली हवा वाढते आणि आलेख सावकाश उतरतो; तो उतार वजा केला, तरी एक बारीक लाट उरलीच. दर १४४ सेकंदांनी चढउतार, तोही जेमतेम एका टक्क्याचा. शिवाय १३४ सेकंदांची आणखी एक फिकी लय. हवा असा ठेका धरत नाही. १९९७ साली हे प्रसिद्ध झालं आणि ताऱ्यांचा एक नवा वर्गच सापडला.

हे उष्ण सबड्वार्फ तारे. एकेकाळचे तांबडे राक्षसी तारे, पण हायड्रोजनचं आवरण जवळपास सगळं गमावलेले. उरतो हेलियम जाळणारा गाभा आणि वर पातळशी साल. वजन सूर्याच्या निम्मं, पृष्ठभाग मात्र तीस हजार अंशांच्या आसपास.

मला सगळ्यात भावतं ते पुढचं. त्याच सुमारास, १९९६ मध्ये, कॅनडातल्या माँट्रियलच्या शार्पिने, फोंतेन वगैरे शास्त्रज्ञ मंडळींनी असे तारे धडधडायला हवेत असं गणितानं मांडलं होतं. दोन्ही गटांना एकमेकांची खबर नव्हती! कारण निघालं लोखंड. जड असल्यामुळे ते खाली बुडायला हवं, पण आतून येणारा प्रखर प्रकाश त्याला उचलून धरतो आणि सालीत त्याचा थर साठतो. तारा आकसला की हा थर उष्णता अडवतो, दाब वाढून साल फुगते. फुगली की उष्णता निसटते, साल पुन्हा बसते. पातेल्यावर झाकण थडथडतं ना, तसंच.

एवढं सांगून झालं की मी घड्याळ लावते आणि सगळ्यांना २ मिनिटं २४ सेकंद गप्प उभं करते. गेल्या खेपेला एक मुलगी वासुकीकडे तोंड करून शेवटपर्यंत बोटांवर मोजत होती.