आधी अंगाला सांगायचं

मंगळवार, रात्री साडेदहा

ऑडिटचे दिवस आले की आमच्या ऑफिसात सगळ्यांचे आवाज चढतात. ३० सप्टेंबर डोक्यावर, त्यात आज दुपारी एका क्लायंटने अख्खा ताळेबंद परत पाठवला. जेवताना लक्षात आलं, खांदे कानापर्यंत गेलेत, जबडा आवळलेला आहे आणि डब्यात कुठली भाजी आहे हेही पाहिलेलं नाही.

अशा वेळी 'टेन्शन घेऊ नको' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मनाला कितीही बजावलं तरी ते ऐकत नाही. अंग मात्र ऐकतं, आणि अंग सैल पडलं की मनही हळूहळू मागून येतं. यावर माझा पक्का विश्वास बसला आहे.

म्हणून जेवण झाल्यावर जिन्यात जाऊन उभी राहिले आणि श्वास सोडायला लागले. सोडायला, घ्यायला नव्हे. चार आकडे मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, त्यामुळे सोडण्याचा वेळ लांबवला की शरीराला 'धोका टळला' असा निरोप मिळतो. भ्रामरी प्राणायामातही हेच घडतं, गुणगुणत राहिलं की उच्छ्वास आपोआप लांबतो. मरीन ड्राइव्हवर कैवल्यधामचं योगकेंद्र आहे. ते चालवणाऱ्या संस्थेची स्थापना स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला केली. आसन-प्राणायामाने शरीरात नेमकं काय होतं, हे त्यांनी त्या काळात यंत्रं लावून तपासलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. नुसतं 'करा' म्हणून ते थांबले नाहीत.

संध्याकाळी सीएसएमटीला स्लो लोकलमध्ये खिडकी मिळाली. मांडीवर पिशवी पसरली आणि मेथीची जुडी सोडली. लेडीज डब्यात भाजी निवडणं काही नवीन नाही, पण ताणासाठी याच्याइतकं चांगलं औषध मला अजून मिळालेलं नाही. काडी उचलायची, पिवळं पान खुडून टाकायचं, कोवळा शेंडा ठेवायचा, जून देठ मोडून बाजूला. बोटं मातीने काळी होतात, नखांत कडसर वास बसतो. डोळे आणि हात दोन्ही गुंतले की ताळेबंदातले आकडे डोक्यात फिरायला जागाच राहत नाही. भायखळ्याला समोरच्या काकूंनी न विचारता अर्धी जुडी ओढून घेतली. त्यांच्या सुनेचं बाळंतपण आहे, त्याबद्दल बोलत राहिल्या. मी बहुतेक नुसतं 'हो का' म्हणत होते. कुर्ल्याला गर्दी आत घुसली तेव्हा आम्ही दोघींनी पिशव्या पोटाशी धरल्या आणि निवडत राहिलो. मोबाइल पर्समधून बाहेर काढायची आठवणही झाली नाही.

मुलुंडला उतरल्यावर रिक्षा केली नाही, चालतच घरी आले. पायांना थोडं काम मिळालं की रात्री झोप बरी लागते. दुपारनंतरचा चहा मात्र सोडवत नाही. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेपाचचा कप झोपायच्या वेळीही अंगात असतोच. उद्यापासून चारनंतर लिंबूपाणी.

ही वहीसुद्धा त्याचसाठी. पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला होता. रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस, मनाला डाचणाऱ्या गोष्टी लिहायच्या. ज्यांनी घटनेबरोबर भावनाही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. मीही शुद्धलेखन न बघता लिहिते. आज क्लायंटला जे तोंडावर बोलता आलं नाही, ते मागच्या पानावर सगळं लिहून काढलं आहे.

पण मेथी निवडून सगळंच सुटतं असं कुणाला सांगायला मी धजणार नाही. ऑफिसातली एक मुलगी गेले काही आठवडे नीट झोपलेली नाही, डबा तसाच परत नेते, बोलता बोलता डोळे भरून येतात. तिला श्वास मोजायला सांगून भागणार नाही. मघाशी तिला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पाठवला. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. खाली लिहिलं, 'एकटीला फोन करायला अवघड वाटत असेल तर उद्या जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसून कर.' तिचं उत्तर आलंय, 'चालेल ताई.'