हवा भरायचे यंत्र आणि तीस सेकंदांचा व्हिडिओ

सोलापूरहून अक्कलकोटला सायकलने जायचे म्हणजे एका बाजूने साधारण ४० किलोमीटर. गेली चार वर्षे मी ही फेरी महिन्यातून एकदा तरी करते आणि रस्त्याकडेच्या वेड्या बाभळीमुळे पंक्चर हे त्यात धरलेलेच असते. ट्यूब बदलायला मला दहा मिनिटे पुरतात. दमछाक होते ती हवा भरताना. माझे टायर २८ मिलिमीटरचे आहेत, त्यांत ८० पीएसआय दाबाची हवा लागते आणि पिशवीतल्या छोट्या हातपंपाने तेवढी भरायची तर दोनशेच्या वर वेळा पंप मारावा लागतो. गेल्या फेब्रुवारीत कुंभारीच्या पुढे असाच पंप मारताना हात हलला आणि व्हॉल्व्हची बारीक दांडी वाकली. थोड्या अंतरावर पंक्चरचे दुकान होते, तिथे कॉम्प्रेसरही होता. परंतु त्याचे नोझल मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचे, आणि माझ्या सायकलीचा व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा. दुकानदारकाकांनी बरीच खटपट केली, पण हवा आत जाईना. शेवटी भावाला फोन करून गाडी मागवावी लागली आणि त्याच संध्याकाळी मी बॅटरीवर चालणारे यंत्र घ्यायचे ठरवले.

निवडीत फार वेळ गेला नाही. कार्बन डायऑक्साइडची १६ ग्रॅमची नळकांडी क्षणात टायर भरतात, हे खरे. पण एक नळकांडे एकदाच चालते आणि तो वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपत असल्यामुळे घरी आल्यावर टायर पुन्हा भरावाच लागतो. म्हणून मी मुठीत मावणारे, चार्ज करता येणारे यंत्र मागवले. खोक्यावर १२० पीएसआय असे ठळक छापले होते आणि शेजारी सायकलीचे चित्र होते.

यंत्र गुरुवारी आले. शुक्रवारी मी रिकामा टायर त्याला जोडला. पडद्यावर ८० आकडा आला आणि यंत्र आपोआप थांबले. अंगठ्याने दाबून पाहिले तर टायर बराच दबत होता. घरच्या पायपंपाचा काटा लावला, तो ५८ वर थांबला. पंप जोडताना थोडी हवा त्याच्या नळीत जाते आणि काटा दोन-चार आकडे कमी दाखवतो, हे मला ठाऊक आहे. पण २२ आकड्यांची तफावत त्यातून येत नाही. मैत्रिणीकडचा डिजिटल मापक आणून तीनदा मोजले, दर वेळी ६० च्या आसपासच. बदली मागायला सात दिवसांची मुदत होती, म्हणून त्याच रात्री कंपनीचा ऑनलाइन तक्रार अर्ज भरला.

त्या अर्जाने माझे तीन आठवडे घेतले. ‘वाहनाचा प्रकार’ या रकान्यात मोटार होती, मोटारसायकल होती, पण सायकल नव्हती. ‘इतर’ निवडून पुढे गेले, तर व्हिडिओची मागणी आली: सिरीयल नंबर, यंत्राचा पडदा आणि दुसरा मापक हे तिन्ही एकाच सलग चित्रणात दिसले पाहिजेत, टायर शून्यापासून भरताना दिसला पाहिजे आणि व्हिडिओ ३० सेकंदांच्या आत असला पाहिजे. रिकामा टायर ८० पर्यंत भरायला या यंत्राला दोन मिनिटे लागतात! मी तोडून जोडलेला व्हिडिओ पाठवला. तो ‘सलग नाही’ म्हणून नाकारला. पन्नासपासून पुढे भरतानाचा पाठवला. तो ‘शून्यापासून नाही’ म्हणून नाकारला. पूर्ण दोन मिनिटांचा अर्जात चढेचना. फोन केला की दर वेळी नवी व्यक्ती, दर वेळी पहिल्यापासून सांगणे आणि शेवटी ‘४८ तासांत कळवतो’ हे उत्तर. नवव्या दिवशी कळवले ते एवढेच, की बदलीची मुदत संपली आहे. तक्रार मी दुसऱ्याच दिवशी नोंदवली होती; मुदत त्यांच्या उत्तरांत संपली होती, आणि याचा राग मला आजही आहे.

मार्ग निघाला तो राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनमुळे. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि विक्री झालेल्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना तारखांसह ईमेल पाठवला. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार या अधिकाऱ्यांनी ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एक महिन्यात निवारण करायचे असते. तो नियम मी पत्रात स्पष्ट लिहिला. दुसऱ्या दिवशी पोच आली. मापकाचे दोन फोटो आणि नाकारल्याचे संदेश एवढ्यावर बदली मंजूर झाली आणि एकविसाव्या दिवशी नवे यंत्र हातात पडले. म्हणून फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका. पहिल्याच दिवशी सगळे लेखी करा, आणि खोके फेकू नका, कारण सिरीयल नंबर त्यावरही असतो.

नवे यंत्र नीट चालते. एका चार्जमध्ये दोन टायर शून्यापासून ८० पर्यंत भरतात, तिसरा पन्नासच्या आसपास राहतो. घेताना खोक्यावरच्या कमाल आकड्यापेक्षा आपल्या टायरच्या दाबाला एका चार्जमध्ये किती टायर भरतात हे विचारावे. यंत्राला वेगळी रबरी नळी जोडता येते का, हेही पाहावे. हवा भरताना यंत्राचे तोंड चांगलेच तापते, व्हॉल्व्हला थेट लावले तर चटका बसतो आणि प्लास्टिकच्या हलक्या ट्यूबचा व्हॉल्व्ह खराब होऊ शकतो. हातपंप मी अजूनही सोबत ठेवते. बारीक व्हॉल्व्हला जाड नोझल बसवून देणारा पितळी अडॅप्टरही आता पिशवीत असतो; तो चाळीस-पन्नास रुपयांचा तुकडा त्या दिवशी असता, तर काकांच्या कॉम्प्रेसरने काम झाले असते, अर्थात दांडी फार वाकलेली नसती तर.

आणखी एक सांगायचे राहिले. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, तेव्हा हे यंत्र उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, आतली लिथियम बॅटरी त्याने बिघडते. आणि निघायच्या आदल्या रात्री चार्ज तपासावा.